स्टेरॉइडची गोळी रक्तातून निघून गेल्यावरही काम का करत राहते?

तुमच्या प्रश्नात खरं तर चार प्रश्न आहेत. प्रेडनिसोलोन, म्हणजे तुमची स्टेरॉइडची गोळी, रक्तात तीन-चार तासांत निम्मं होतं असं वाचलंत, मग ते दिवसातून एकदाच का? दमा, संधिवात, त्वचेचे विकार, मूत्रपिंडाचे आजार अशा एकमेकांशी नातं नसलेल्या दुखण्यांवर एकच औषध कसं चालतं? साखर आणि हाडं यांचा त्याच्याशी काय संबंध? आणि सहा आठवड्यांनी छान वाटत असताना गोळी एकदम थांबवू नका असं डॉक्टर का बजावतात? चारही उत्तरांचं मूळ एकच आहे. हे औषध पेशीच्या आत शिरून जनुकांवर काम करतं. एवढं नीट समजलं की बाकीचं उलगडत जातं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज बाजूला करू. स्नायू फुगवण्यासाठी काही खेळाडू चोरून घेतात ती स्टेरॉइडं टेस्टोस्टेरॉनच्या जातीची. तुमची गोळी ग्लुकोकॉर्टिकॉइड या दुसऱ्या जातीची. रेणूचा चार कड्यांचा सांगाडा दोन्हींत सारखा असल्यामुळे नाव एक, पण स्नायूंवरचा परिणाम अगदी उलटा. ग्लुकोकॉर्टिकॉइड बरेच दिवस घेतलं तर स्नायू झिजतात. खुर्चीतून उठताना मांड्यांत बळ नाही अशी तक्रार अशा रुग्णांत नेहमीची.

शरीराचं स्वतःचं ग्लुकोकॉर्टिकॉइड म्हणजे कॉर्टिसॉल. मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या बाहेरच्या भागात ते तयार होतं, निरोगी प्रौढात दिवसाला साधारण १० मिलिग्रॅम. पहाटे ते वाढू लागतं, सकाळी जाग येण्याच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. हुकूम वरून येतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस सीआरएच हे संप्रेरक सोडतो, त्यावर पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते आणि त्यावर ॲड्रिनल कॉर्टिसॉल बनवते. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच वरच्या दोघांना आवरतं. ही साखळी लक्षात ठेवा, गोळी बंद करण्याच्या मुद्द्याशी ती पुन्हा लागेल.

बाजारातली औषधं म्हणजे याच रेणूत केलेले बारीक फेरफार. कॉर्टिसॉलच्या पहिल्या कड्यात एक जास्तीचा दुहेरी बंध आणला की प्रेडनिसोलोन होतं आणि ताकद चौपट होते. त्यात नवव्या कार्बनवर फ्लोरिन आणि सोळाव्यावर मिथाइल गट बसवला की डेक्सामेथासोन. ते कॉर्टिसॉलच्या २५ पटींहून जोरदार, आणि मीठ-पाणी धरून ठेवण्याचा गुण मात्र त्यात जवळजवळ उरत नाही. हिशेबाला सोपं म्हणजे २० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन (औषधरूपातलं कॉर्टिसॉल), ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, ४ मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन आणि पाऊण मिलिग्रॅम डेक्सामेथासोन यांची ताकद साधारण सारखी. ‘अर्ध्या मिलिग्रॅमचीच तर गोळी आहे’ असं म्हणून वर्षभर डेक्सामेथासोन घेणारे रुग्ण आम्हाला भेटतात. ती अर्धी मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनची तीन मिलिग्रॅमहून जास्त.

आता पेशीच्या आत जाऊ. ही औषधं मेदात विरघळतात, त्यामुळे पेशीच्या आवरणातून ती सहज आत जातात. आत ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं. ते मोकळं नसतं. एचएसपी-९० आणि आणखी काही सोबती प्रथिनं त्याला धरून असतात, आणि त्यांच्यामुळेच त्याचा आकार औषधाला बसता येईल असा राहतो. औषध येऊन बसलं की रिसेप्टरचा आकार बदलतो, सोबती बदलतात आणि तो पेशीच्या केंद्रकात जातो. हा प्रवास काही मिनिटांचा. खरं काम पुढे सुरू होतं, आणि त्याच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिल्या तऱ्हेत दोन रिसेप्टर जोडीने डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतात आणि शेजारचं जनुक चालू करतात. त्यातून दाह शमवणारी प्रथिनं तयार होतात. ॲनेक्सिन-१ हे त्यातलं जुनं, ओळखीचं नाव. पेशीच्या आवरणातून ॲराकिडोनिक आम्ल मोकळं करणाऱ्या फॉस्फोलायपेज-ए२ या विकराला (एन्झाइमला) ते आवर घालतं, त्यामुळे प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्रिन या दाह वाढवणाऱ्या दोन्ही रसायनांचा कच्चा मालच कमी पडतो. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं याच्या एक पायरी खाली काम करतात, त्यांच्याने फक्त प्रोस्टाग्लँडिन अडतं. दम्यात ल्युकोट्रिनचा वाटा मोठा, म्हणून तिथे स्टेरॉइड चालतं आणि वेदनाशामक चालत नाही. उलट काही दमेकऱ्यांचा दमा वेदनाशामकाने उसळतो.

दुसऱ्या तऱ्हेत रिसेप्टर इतर प्रथिनांना जाऊन चिकटतो. जंतू, जखम किंवा स्वतःवरच उलटलेली प्रतिकारशक्ती, कारण काहीही असो, पेशीत दाह पेटवण्याचं काम मुख्यतः एनएफ-कप्पा-बी आणि एपी-१ हे दोन कारभारी करतात. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ हे दाहाचे निरोप नेणारे रेणू, प्रोस्टाग्लँडिन बनवणारं कॉक्स-२ विकर, रक्तातल्या पांढऱ्या पेशींना बोलावून घेणारे रेणू, या सगळ्यांची जनुकं त्यांच्या इशाऱ्यावर चालतात. रिसेप्टर या दोघांना धरतो, डीएनएची गुंडाळी पुन्हा घट्ट करणारी विकरं तिथे आणतो, आणि एका फटक्यात अनेक जनुकांचं उत्पादन मंदावतं. धूम्रपानाने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारात यातलंच एक विकर, एचडॅक-२, कमी झालेलं असतं. त्या रुग्णांना दम्याच्या रुग्णांइतका स्टेरॉइडचा गुण येत नाही, त्याचं हे एक कारण.

तुमचा दुसरा प्रश्न इथे सुटतो. आजार वेगवेगळे असले तरी दाहाची वाट बरीचशी एकच आहे आणि स्टेरॉइड त्या वाटेवर बसतं. म्हणूनच ते बहुतेक आजारांचं मूळ काढत नाही, धग काढतं. दाह उतरेपर्यंत अवयव वाचवणं हे काही थोडं काम नाही, पण ‘गोळीने बरं वाटलं’ आणि ‘आजार गेला’ यांत फरक राहतो.

वेळेचं गणितही यातूनच येतं. जनुक चालू होणं, त्याचा संदेश तयार होणं, त्यावरून प्रथिन बनणं, आधीच बनलेली दाहकारक प्रथिनं संपणं, याला तास लागतात. दम्याच्या जोरदार झटक्यात शिरेतून स्टेरॉइड दिलं तरी ठळक फरक पडायला चार ते सहा तास जातात. तोवर रुग्णाला तारतात ती श्वासनलिका रुंद करणारी औषधं आणि प्राणवायू. मग स्टेरॉइड पहिल्या तासातच का देतात? घड्याळ लवकर सुरू व्हावं म्हणून. शिवाय श्वासनलिका रुंद करणारी औषधं ज्यावर बसून काम करतात त्या बीटा-२ रिसेप्टरचं उत्पादन स्टेरॉइड वाढवतं, त्यामुळे तीच औषधं पुढच्या तासांत जास्त लागू पडतात. तीव्र ॲलर्जीने रक्तदाब कोसळत असताना मात्र पहिलं इंजेक्शन ॲड्रेनालिनचं, मांडीच्या स्नायूत. तिथे आधी स्टेरॉइड देऊन वाट बघत बसणं मला अक्षम्य वाटतं. त्या रुग्णाकडे तेवढे तास नसतात.

जी दिरंगाई सुरुवातीला, तीच शेवटी. प्रेडनिसोलोनचं रक्तातलं अर्धायुष्य दोन ते चार तास, पण त्याने चालू-बंद केलेली जनुकं आणि त्यांतून बनलेली प्रथिनं मागे राहतात. परिणाम १२ ते ३६ तास टिकतो, डेक्सामेथासोनचा त्याहून जास्त. म्हणून बहुतेक आजारांत प्रेडनिसोलोनची एक मात्रा दिवसाला पुरते. ती सकाळी घ्यायची, कारण शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल तेव्हाच वर असतं. संध्याकाळी घेतलेली गोळी पहाटेच्या एसीटीएचला जास्त दाबते आणि झोपही उडवते.

याला एक अपवाद आहे. ५०० ते १००० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून देतात तेव्हा काही परिणाम मिनिटांत दिसतात, आणि ते जनुकांच्या वाटेने येणं शक्य नाही. दिवसाला साधारण १०० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनलाच शरीरातले जवळपास सगळे रिसेप्टर व्यापले जातात. त्यापुढची मात्रा पेशींच्या आवरणांवर आणि पेशीतल्या इतर संदेशांवर थेट काम करते असं मानतात.

आता दुष्परिणाम. हा रिसेप्टर शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे, पण कोणती जनुकं त्याच्या हाती लागतात ते त्या पेशीवर अवलंबून, कारण प्रत्येक पेशीत डीएनएचे वेगवेगळे भाग उघडे असतात. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये तो पेशीला मरणाचा आदेश देतो. काही रक्ताच्या कर्करोगांत स्टेरॉइड थेट उपचार म्हणून देतात ते यामुळेच. यकृतात तोच रिसेप्टर साखर बनवणाऱ्या विकरांची जनुकं चालू करतो. हाडात तो हाड घडवणाऱ्या पेशींना मारतो. गुण आणि दोष दोन्ही एकाच रिसेप्टरचे आहेत, औषधात मिसळलेली अशुद्धी नव्हे.

ते वेगळे करण्याचा प्रयत्न झाला नाही असं नाही. जनुकं दाबणं म्हणजे गुण आणि चालू करणं म्हणजे दोष, अशी एक मांडणी बरीच वर्षं जोरात होती. १९९८ साली असे उंदीर तयार केले गेले ज्यांच्या रिसेप्टरला डीएनएवर नीट जोडी जमवता येत नव्हती, तरी त्यांच्यात दाहाची बरीच जनुकं दाबली जात होती. त्यामुळे आशा वाढली. माझ्या मते ती मांडणी जरा जास्तच नीटनेटकी होती. ॲनेक्सिन-१ चालू होऊनच उपयोगी पडतं, आणि हाड घडवणाऱ्या पेशींचं ऑस्टिओकॅल्सिन हे प्रथिन दाबलं जाणं हा दोषांतलाच भाग. वॅमोरोलोन नावाच्या नव्या धर्तीच्या औषधाला २०२३ मध्ये अमेरिकेत ड्युशेन या आनुवंशिक स्नायुविकारासाठी मान्यता मिळाली. मुलांची वाढ खुंटणं आणि हाडांची हानी त्यात कमी दिसते, पण ॲड्रिनल दबणं त्यालाही चुकलेलं नाही. दोषरहित स्टेरॉइड आज आपल्याकडे नाही. डॉक्टरच्या हातात आहेत त्या मात्रा, मुदत, वेळ आणि औषध देण्याची वाट.

साखरेचं पाहा. यकृत जास्त साखर बनवतं, स्नायू आणि मेदपेशी इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत. सकाळी प्रेडनिसोलोन घेतलं तर साखर दुपारनंतर चढते, संध्याकाळी शिखरावर असते आणि रात्रीत उतरते. सकाळी उपाशीपोटी तपासली तर अहवाल छान येतो! स्टेरॉइडवरच्या माणसाची फक्त उपाशीपोटीची साखर बघून समाधान मानणं ही तपासणी नव्हे. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी किंवा रात्रीच्या जेवणाआधी तपासा.

रक्ताच्या आणखी एका अहवालाने असाच गोंधळ होतो. रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल पेशी स्टेरॉइडमुळे सुटून प्रवाहात येतात आणि तिथून ऊतींत जाणं त्यांना जमत नाही. परिणामी पांढऱ्या पेशींचा आकडा १५,००० पर्यंतही दिसतो, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल मात्र घटतात. ताप नाही, माणूस बरा आहे आणि आकडा वाढलाय, तर प्रतिजैविक लिहिण्याआधी औषधांची यादी बघावी. उलट बाजूही आहे. स्टेरॉइड तापही दाबतं आणि पोटातल्या दुखण्याची लक्षणंही. म्हणून ‘काही वाटत नाही’ यावर पूर्ण विसंबता येत नाही. दीर्घ उपचाराआधी क्षयरोग आणि हिपॅटायटिस-बी यांची चौकशी करतात, कारण दोन्ही दबून बसलेले असले तर डोकं वर काढतात.

हाडांची सर्वांत जलद झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. ‘बघू पुढे’ म्हणून टाळलेलं कॅल्शियम आणि ड-जीवनसत्त्व त्यामुळेच उशिराचं ठरतं. उपचार तीन महिन्यांहून लांबणार असतील तर त्यांचा आणि गरज पडल्यास हाडांच्या इतर औषधांचा विचार सुरुवातीलाच व्हायला हवा. जांघेत नवं दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना नक्की सांगा. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटला असेल तर सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, एमआरआयमध्येच ते दिसतं. डोळ्यांत मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही होऊ शकतात, म्हणून दीर्घ उपचारात नेत्रतपासणी. पोटाच्या व्रणाची भीती मात्र थोडी वाढवून सांगितली जाते. एकट्या गोळीने धोका फारसा नाही, वेदनाशामकांची जोड मिळाली की तो खरोखर वाढतो.

औषध हवं तिथेच पोचवलं तर बाकीचं शरीर वाचतं, हा फवाऱ्यांमागचा विचार. बुडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोनचा जो भाग गिळला जातो तो यकृतातून जाताना बहुतांशी नष्ट होतो. पण यकृतात हे काम करणारं विकर रिटोनाविर (एचआयव्हीवरचं) किंवा इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं) यांसारख्या औषधाने बंद पाडलं, तर फवाऱ्यातलं स्टेरॉइडही रक्तात साठतं आणि चेहरा गोल होण्यापासून ॲड्रिनल दबण्यापर्यंत सगळं घडतं. क्षयरोगावरच्या रिफाम्पिसिनचं उलटं, त्याने प्रेडनिसोलोन लवकर संपतं आणि मात्रा अपुरी पडते. नवं औषध सुरू करताना ‘मी फवारा घेतो’ हे सांगायला लोक विसरतात. ते औषधच वाटत नाही त्यांना. त्वचेवरच्या मलमांत १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन सौम्य, ०.०५ टक्का क्लोबेटासोल अतिशय जोरदार. टक्क्यांवरून ताकद ठरवू नका. नायट्यावर क्लोबेटासोल लावलं की खाज थांबते, लाली जाते आणि बुरशी निवांत पसरत राहते.

आता गोळी बंद करण्याचं. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की हायपोथॅलॅमस आणि पिट्युटरी गप्प होतात. एसीटीएच थांबलं की ॲड्रिनलचा कॉर्टिसॉल बनवणारा थर आक्रसतो, प्लास्टरमधला हात बारीक होतो तसा. ५ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा जास्त प्रेडनिसोलोन तीन-चार आठवड्यांहून जास्त घेतलेल्या कुणातही हे झालेलं असू शकतं. गोळी एकदम सोडली तर ग्रंथी लगेच उठत नाही. आठवडे, महिने, कधी वर्षही लागतं. दरम्यान थकवा, मळमळ, सांधेदुखी, उभं राहिल्यावर चक्कर, आणि त्यात ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया आली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. मीठ आणि पोटॅशियम सांभाळणारं अल्डोस्टेरॉन बनवणारा थर एसीटीएचवर फारसा विसंबून नसल्यामुळे तो शाबूत राहतो आणि रक्तातलं पोटॅशियम सहसा वाढत नाही. पोटॅशियम ठीक आहे म्हणून हे निदान नाकारू नये.

पाच-सात दिवसांचा छोटा उपचार, मात्रा ४० मिलिग्रॅम असली तरी, बहुधा सरळ थांबवता येतो. तुमचे सहा आठवडे त्यात बसत नाहीत. मोठ्या मात्रेपासून ५ ते ७.५ मिलिग्रॅमपर्यंत आजार कितपत आटोक्यात आहे ते बघून उतरतात आणि त्याखाली सावकाश. तिथपर्यंत आल्यावर सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल तपासता येतं, आदल्या गोळीनंतर २४ तासांनी आणि त्या दिवशीची गोळी घेण्याआधी, कारण प्रेडनिसोलोन काही चाचण्यांना कॉर्टिसॉलच भासतं. आकडा डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर असेल तर ग्रंथी जागी झाली असं धरून गोळी थांबवता येते. ५ च्या खाली असेल तर सध्याची छोटी मात्रा चालू ठेवून काही महिन्यांनी पुन्हा तपासतात. मधल्या आकड्यांत डॉक्टर तुमची लक्षणं बघून ठरवतील.

मात्रा उतरवताना अंग दुखलं, गळून गेल्यासारखं वाटलं तर ते आजार परतल्याचं लक्षण आहे की ग्रंथी कमी पडल्याचं, हे घरी ओळखता येणार नाही. मनाने गोळी वाढवूही नका, सोडूही नका, फोन करा. ताप आला तर त्या दिवसांपुरती मात्रा किती करायची हे आत्ताच विचारून लिहून ठेवा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी थांबू नका. रुग्णालयात गेल्यावर ‘मी सहा आठवडे स्टेरॉइडवर आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. अशा वेळी १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन देतात आणि ते तपासण्यांच्या निकालांसाठी थांबवत नाहीत.